क्लीव्हलँड ब्राऊन्स : १९५०चा कसोटीचा हंगाम

अमेरिकन फुटबॉलमधला क्लीव्हलँड ब्राऊन्स हा संघ १९५० साली नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, पहिल्यांदा उतरला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. ओहायो राज्यातल्या ईरी सरोवराकाठच्या या शहराचा संघ त्याआधी ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळत असे. महायुद्ध संपल्यावर १९४६मध्ये सुरू झालेल्या त्या लीगची चारही विजेतेपदे ब्राऊन्सने पटकावली. १९४८मध्ये तर एकही सामना गमावला नाही. तरी जुन्या लीगच्या लेखी ही दुय्यम स्पर्धेतली कमाई होती. खेळाडूंच्या ओढाओढीत पगार चढत गेले, तोटा वाढला आणि डिसेंबर १९४९मध्ये समेट झाला. नवी लीग बंद पडली. तिच्यातले ब्राऊन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स आणि बाल्टिमोर कोल्ट्स हे तीन संघ एनएफएलमध्ये आले.

संघाला नाव मिळाले ते प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांच्यावरून. एके काळी शाळेच्या संघाला शिकवणाऱ्या या माणसाने व्यावसायिक खेळाडूंनाही वर्गात बसवले. प्रत्येक चाल वहीत उतरवून घ्यायची, सामन्याची फिल्म पुन्हा पुन्हा पाहून प्रत्येकाच्या खेळाला गुण द्यायचे, ही त्यांची शिस्त होती. पुढची चालही तेच ठरवत आणि आत जाणाऱ्या खेळाडूकरवी मैदानावर पोहोचवत.

या खेळात चेंडू हाती असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुणांचा टचडाऊन होतो. त्यानंतरच्या किकचा एक गुण, आणि चालू खेळात खांबांमधून मारलेल्या फील्ड गोलचे तीन. चेंडू फेकायचा की पळायला द्यायचा, हे काम क्वार्टरबॅकच्या हातून होते. ब्राऊन्सचा क्वार्टरबॅक होता ओटो ग्रॅहम. त्याच्या मागे उभा राहणारा धिप्पाड मॅरियन मॉटली चेंडू घेऊन मुसंडी मारी आणि ग्रॅहमवर चालून येणाऱ्यांना अडवीही. मॉटली आणि बचाव फळीतला बिल विलिस हे दोघे कृष्णवर्णीय खेळाडू १९४६पासून संघात होते. जॅकी रॉबिन्सनने मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभिंत पाडली ती त्यानंतरच्या वर्षी.

एनएफएलचे आयुक्त बर्ट बेल यांनी पहिल्याच सामन्यात नव्या पाहुण्यांची गाठ सलग दोन वर्षांच्या विजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सशी घालून दिली. १६ सप्टेंबरच्या रात्री फिलाडेल्फियात ७१ हजारांवर प्रेक्षक जमले. पहिले तीन गुण ईगल्सनी मिळवले. मग ग्रॅहमने डब जोन्सला लांब पास दिला आणि ५९ यार्डांचा टचडाऊन झाला. तिथून सामना एकतर्फीच झाला. ग्रॅहमच्या पासेसनी ३४६ यार्ड मिळवून दिले आणि ब्राऊन्स ३५-१० असे जिंकले. हा संघ नुसते चेंडू फेकूनच जिंकतो, असा आक्षेप पुढे आला. ३ डिसेंबरला ईगल्सशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा ब्राऊन्सच्या नावावर एकाही पासची नोंद झाली नाही. तो सामनाही त्यांनी १३-७ असा जिंकला.

बारापैकी दहा सामने जिंकणाऱ्या या संघाला दोन्ही वेळा हरवले ते न्यू यॉर्क जायंट्सनी. प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांच्या ‘छत्री’ बचावात कडेचे खेळाडू प्रसंगी मागे सरत. छत्री उघडावी तशी फळी पसरे आणि पासच्या वाटा अडत. पहिल्या भेटीत, ६-० अशा पराभवात, ब्राऊन्सना एकही गुण मिळाला नाही. हंगामाअखेर दोन्ही संघ बरोबरीत राहिल्याने १७ डिसेंबरला निर्णायक सामना झाला. गोठलेल्या मैदानावर लू ग्रोझाच्या दोन फील्ड गोलनी आघाडी मिळवून दिली. जायंट्सचा एक धावपटू टचडाऊनच्या दिशेने सुटला असता विलिसने त्याला मागून गाठून पाडले. बचाव फळीने मिळवलेले दोन गुण धरून ब्राऊन्सनी सामना ८-३ असा जिंकला.

२४ डिसेंबरला क्लीव्हलँडमध्येच झालेल्या अंतिम सामन्यात समोर लॉस एंजेलिस रॅम्स होते. १९४५मध्ये हाच संघ क्लीव्हलँडचा म्हणून विजेता ठरला होता आणि लगेच शहर सोडून कॅलिफोर्नियाला गेला होता. रॅम्सनी पहिल्याच चालीत ८२ यार्डांचा टचडाऊन केला. शेवटच्या सत्राच्या तोंडावर ते २८-२० असे पुढे होते. ब्राऊन्सनी अंतर एका गुणावर आणले. पण सुमारे तीन मिनिटे उरली असताना ग्रॅहमच्या हातून चेंडू निसटला. बचाव फळीने रॅम्सना रोखून तो परत मिळवून दिला. दोन मिनिटांहून कमी वेळ शिल्लक होता. ग्रॅहम आधी स्वतः पळाला, मग छोट्या पासेसनी संघाला अकरा यार्डांच्या रेषेपर्यंत घेऊन आला. किकसाठी जागा सोयीची व्हावी म्हणून त्याने एक चाल केवळ चेंडू मैदानाच्या मध्याकडे नेण्यासाठी वापरली. २८ सेकंद बाकी असताना ग्रोझाची किक खांबांमधून गेली. ब्राऊन्स ३०, रॅम्स २८.

त्याच वर्षी फोर्टीनाइनर्सना तीन, तर कोल्ट्सना एकच सामना जिंकता आला. नव्या लीगच्या दर्जाविषयीची शंका त्यामुळे पुरती मिटली नाही, पण ब्राऊन्सबद्दल ती उरली नाही. पुढची पाचही वर्षे हा संघ एनएफएलच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९५४ व १९५५मध्ये पुन्हा विजेता ठरला. फिल्मचा अभ्यास आणि प्रशिक्षकाने बाहेरून चाल ठरवणे, या पॉल ब्राऊन यांच्या पद्धती पुढे इतर संघांच्याही अंगवळणी पडल्या.