एका अनुस्वाराचा दिवस

पहाटे ५.२०

नळाला पाणी साडेपाचला येतं, म्हणून गजर पाच-वीसचा. चहात आलं पडेपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून दिलाय आणि आठवड्यातून चारदा तो मोडतो. आज मोडला. प्रकाशकाचा रात्रीचा निरोप होता : ‘लेखकमहाशय, पोस्टर पाठवलंय. सकाळी नऊच्या आत सगळीकडे टाका. त्या वेळी लोक बसमध्ये असतात, मोबाइल हातातच असतो.’

पोस्टरवर माझ्या कथासंग्रहाचं मुखपृष्ठ, शेजारी माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि वर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत ‘बहुचर्चित कथासग्रंह’.

‘बहुचर्चित’ एक वेळ गिळता आलं असतं. पुस्तक येऊन चार महिने झाले. त्याची चर्चा माझ्या माहितीत तिघांनी केली, त्यातला एक मी. पण अनुस्वार एक घर पुढे सरकला होता. मी पोटासाठी प्रुफं तपासतो. मुद्रितशोधकाच्या स्वतःच्या पुस्तकाच्या जाहिरातीत ‘कथासग्रंह’! लगेच लिहिलं, ‘अनुस्वार चुकलाय. दुरुस्त करून पाठवा, मग टाकतो.’ कबूल करतो, एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. डिझाइन करणारा मुलगा दुपारशिवाय येत नाही. म्हणजे निदान दुपारपर्यंत सुटका.

५.४५

हे दीड-दोन तास कथेचे. सध्या एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या एका बाईची गोष्ट चालू आहे. बाई तिसऱ्या पानावर अडकलीय, पुढे सरकत नाही.

पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकाच्या आग्रहाखातर मी पंधरा दिवस रोज एक पोस्ट लिहिली होती. ‘या कथेची कथा’ छापाची. पोस्टी बऱ्या झाल्या, अंगठे आले, बदाम आले. सोळाव्या दिवशी वही उघडली तर कथेतली माणसंही पोस्टीसारखी बोलायला लागलेली. परिच्छेद संपला की शेवटचं वाक्य मान वळवून बघायचं, टाळी पडतेय का. ती सवय काढायला दोन महिने गेले. हे प्रकाशकाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग पोस्टी रात्री लिहा.’

७.४०

कॅन्टीनमधली बाई सहा ओळी चालली. पुरे.

९.१०

आज दोन फर्मे, म्हणजे बत्तीस पानं. एका निवृत्त अभियंत्याचं आत्मचरित्र आहे. धरणाच्या भिंतीबद्दल लिहितो तेव्हा माणूस सुरेख लिहितो, स्वतःबद्दल लिहायला लागला की भाषा सरकारी होते. ‘माझ्याकडून सदर कामगिरी पार पाडण्यात आली.’ समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘मी केली?’ आणि खोडलं. स्वतःबद्दल लिहिताना कर्ता गायब करायची त्याची धडपड मला फार ओळखीची वाटली.

दहाच्या सुमारास भाचीचा फोन. ती एका कंपनीचं सोशल मीडिया बघते आणि माझी कीव करते.

“मामा, टाकलंस का पोस्टर?”

“अनुस्वार चुकलाय.”

“कुणाला दिसतोय अनुस्वार!”

मग तिने नेहमीचा पाठ दिला. फेसबुकवर विक्रीची लिंक पोस्टमध्ये नको, पहिल्या कमेंटमध्ये दे. इन्स्टाग्रामवर फोटोखाली लिंक टाकलीस तर ती उघडतच नाही, ती बायोमध्ये लागते. रील केलास तर पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे. मी म्हटलं, माझ्या कथेत पहिल्या तीन पानांत काही घडत नाही. ती म्हणाली, “तेच तर.”

पण एक गोष्ट तिने सांगितली ती खरोखरच कामाची. प्रकाशन समारंभाचं निमंत्रण मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलं होतं. एका यादीत २५६ जण मावतात, मी दोनशेच घातले होते. आले एकतीस. मी चार महिने त्या एकशे एकोणसत्तर जणांवर मनातल्या मनात रुसून होतो. भाची म्हणाली, “अरे, ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो.” म्हणजे बरेचसे निर्दोष होते. त्यांनी माझा नंबर ठेवला नव्हता, एवढाच काय तो गुन्हा.

११.३०

ही लाज येते कुठून? माझ्यापुरतं उत्तर आहे : आजोबांकडून. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास, मूर्खलक्षणांचा, त्यांनी आम्हा भावंडांकडून पाठ करून घेतला होता. समर्थांनी मूर्खांची जी लांबलचक यादी दिलीय, तिच्यात स्वतःची स्तुती स्वतः करणारा अगदी सुरुवातीलाच येतो. परीक्षेत पहिला आलो तरी घरी सांगताना आम्ही ‘निकाल लागला’ एवढंच म्हणायचो. मार्क वडील विचारणार, मग आपण बोलायचं.

अर्थात मराठीत सगळेच असे लाजाळू नव्हते. आचार्य अत्र्यांना कधी संकोच वाटला असेल असं वाटत नाही, आणि १९५६पासून तर ‘मराठा’ हे दैनिकच त्यांच्या हाताशी होतं. पण अत्रे स्वतःचं कौतुक करायचे त्यात एक जत्रा असायची, ऐकणाराही हसायचा. आम्ही ‘हे सांगताना अत्यंत नम्रपणे आनंद होतोय’ असं लिहितो. नम्रपणाने केलेली जाहिरात मला उघड जाहिरातीपेक्षा जास्त ओशाळवाणी वाटते.

१.१५

जेवण. पोळी, भेंडी, ताक.

२.४५

बस अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडेच अडकली, उरलेलं चाललो. शाळा उघडायचे दिवस नसतानाही चौकात गाइडांचे गठ्ठे आणि ‘काय पायजे, काय पायजे’ चालूच. प्रकाशकाचं ऑफिस जिन्याखालच्या दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत माझ्या पुस्तकाचे गठ्ठे छतापर्यंत. मी तिकडे बघायचं टाळतो. तो मला मुद्दाम त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसवतो.

तपासलेले फर्मे दिले. डिझाइन करणारा मुलगा आज आलाच नव्हता, बहिणीचा साखरपुडा. मी चेहऱ्यावर खेद आणला.

“तुमचं काय जातं हो?” प्रकाशक म्हणाला आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पूर्वी आवृत्ती अकराशेची असायची. माझी पाचशेची काढली. पानं २०८, किंमत ३२० रुपये. कागद, छपाई, बांधणी मिळून साठ हजारांच्या घरात. वितरकाला चाळीस टक्के. चार महिन्यांत गेल्या १४३ प्रती. मला दहा टक्क्यांनी ४,५७६ रुपये. “तुमचे वर आले. माझे अजून त्या गठ्ठ्यांत आहेत.”

यावर मी कोलटकर काढले. वाद हरायला लागलो की मी कोलटकर काढतो. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातला नावाजलेला कला-दिग्दर्शक. लोकांच्या मालाला गिऱ्हाईक कसं मिळवायचं, हे त्या माणसाला झोपेतही कळत असणार. आणि स्वतःच्या घरी फोनसुद्धा ठेवला नाही. गुरुवारी दुपारी काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसायचे, ज्याला भेटायचं त्याने तिथे यावं. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ला आलं. पुढचे मराठी संग्रह यायला पंचवीस वर्षं उलटून गेली. मुठीत सगळी विद्या, आणि ती स्वतःसाठी वापरायची नाही. मला यात कायम काहीतरी फार मोठं दिसत आलंय.

प्रकाशकाने शांतपणे चहा ओतला. “आणि अशोक शहाणे?” म्हणाला. “प्रास प्रकाशन कोण चालवत होतं? धारवाडात बसून समारंभ टाळणारे जी. ए. तुम्हाला आवडतात, पण त्यांची पुस्तकं काढायला मुंबईत पॉप्युलरचे भटकळ होते ना? गप्प बसणाऱ्या लेखकामागे कुणीतरी गप्प न बसणारा लागतो, लेखकमहाशय. तुमच्यामागे मी एकटा आहे, आणि मला डायबेटिस आहे.”

चहा बिनसाखरेचा होता. मला उत्तर सुचलं नाही. माझ्या संकोचाला मी आजवर संस्कार म्हणत आलो. त्याचं भाडं दुसराच कुणी भरतोय, हे त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा नीट दिसलं. तरी पोस्टर टाकायला हात पुढे होत नाही तो नाहीच. सोवळं म्हणा. सोवळं नेसणारा ओलेत्याने फिरतो, लादी दुसराच कुणी पुसतो.

४.५०

परतताना पुस्तकांच्या दुकानात शिरलो. माझं पुस्तक खालून दुसऱ्या फळीवर, फक्त कणा दिसत होता. आजूबाजूला बघितलं. दुकानातला मुलगा बिल करत होता. पुस्तक काढलं, वरच्या फळीवर डोळ्यांच्या पातळीत, मुखपृष्ठ समोर येईल असं ठेवलं आणि चाळत असल्यासारखा आणखी दोन मिनिटं उभा राहिलो.

हे मी दर महिन्याला करतो. आजोबांच्या यादीत हे बसतं का, माहीत नाही.

६.३०

टिळक रोडला साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात एका तरुण कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचं प्रकाशन. पंखे जोरात, माइक घोगरा, अध्यक्ष पाऊण तास. पण तिने शेवटी चार कविता वाचल्या आणि मी सावरून बसलो. बाहेर येऊन प्रत घेतली. बसमध्ये जागा मिळाली, आणि स्वारगेट ते धायरी तिच्या संग्रहाबद्दल पोस्ट लिहून टाकलीसुद्धा. मुखपृष्ठाचा फोटो, किंमत, प्रत कुठे मिळेल. लिंक पहिल्या कमेंटमध्ये. भाचीला अभिमान वाटावा असं सगळं. ना अडखळलो, ना खाडाखोड. दुसऱ्याच्या मुलाला ‘किती गोड’ म्हणताना जीभ जड होत नाही.

८.५०

जेवताना अनोळखी नंबरवरून फोन. माण तालुक्यातल्या एका गावचे ग्रंथपाल. ब वर्गाचं वाचनालय. (राज्यात अशी अ, ब, क, ड मिळून अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत. प्रत्येकाने एकेकच प्रत घेतली तर, हे स्वप्न मराठीतल्या प्रत्येक लेखकाने एकदा तरी पाहिलेलं असतं.) त्यांना दोन प्रती हव्या होत्या, पंचवीस टक्के सवलतीने, बिलावर वाचनालयाचं पूर्ण नाव.

“पुस्तकाबद्दल कळलं कसं तुम्हाला?” मी विचारलं. माझी अपेक्षा होती, कुणी वाचून सांगितलं असेल.

“सकाळी व्हॉट्सअ‍ॅपला पोस्टर आलं की. ग्रंथपालांच्या ग्रुपवर. बहुचर्चित म्हणून लिहिलंय.” थोडं थांबून म्हणाले, “तेवढा एक अनुस्वार बघून घ्या, साहेब. ग्रुपवर त्याच्यावरच सगळे बोलायलेत सकाळपासून.”

म्हणजे प्रकाशकाने माझी वाट पाहिली नव्हती. पुस्तक अखेर बहुचर्चित झालं होतं.

१०.४०

दुरुस्त पोस्टर आलं. मुलाने साखरपुड्याहून घरी गेल्यावर केलं असणार. खाली प्रकाशकाचा एकच शब्द : ‘आता?’

कथासंग्रह. अनुस्वार ‘स’वर, जिथे हवा तिथे. बहुचर्चित तसंच. नाव बरोबर. किंमत बरोबर. ‘घरपोच’ एक शब्द, बरोबर. फोटो मोठा करून एकेक ओळ बोट ठेवून वाचतो, प्रूफ वाचतात तशी. शेवटच्या ओळीत प्रकाशनाच्या फोन नंबरापुढे एक पूर्णविराम आहे, तो नको होता.

तेवढ्यासाठी त्याला आत्ता उठवावं का, याचा विचार करत मी दिवा मालवतो.