खेळयंत्र, संगणकाचा पडदा आणि घरातील शांतता

बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी संच एकच असतो आणि त्याचे हक्कदार मात्र अनेक. आजोबांना बातम्या हव्या असतात, मुलांचे खेळयंत्र त्याच संचाला जोडलेले असते; आणि जपमाळेची वेळ झाली तरी 'एवढा डाव संपू द्या' ही विनवणी संपत नाही. अशा घरी संगणकाचा एखादा जुना मॉनिटर धूळ खात पडला असेल, तर हा तंटा थोडक्या खर्चात मिटविता येतो.

१९७२ साली निघालेले 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हे पहिले घरगुती खेळयंत्र दूरचित्रवाणीलाच जोडावे लागे. आज तसे बंधन उरलेले नाही. २००२ साली ठरलेल्या एचडीएमआय पद्धतीत चित्र आणि ध्वनी एकाच केबलमधून जातात. प्लेस्टेशन ४, निन्टेंडो स्विचचा डॉक यांना हीच केबल लागते. मॉनिटरलाही तशी खाच असल्यास केबल जोडावी व मॉनिटरच्या बटणाने योग्य इनपुट निवडावे. एवढ्याने काम होते.

जुन्या मॉनिटरला डीव्हीआय खाच असेल, तर साधा अडॅप्टर बहुधा पुरतो. व्हीजीएचे तसे नाही. तिच्यातील संकेत ॲनालॉग असल्यामुळे त्यासाठी कन्व्हर्टरच घ्यावा लागतो. लॅपटॉपच्या पडद्याची आशा मात्र सहसा धरू नये. त्याची एचडीएमआय खाच चित्र बाहेर पाठविते, आत घेत नाही.

चित्र आले, पण आवाज नाही, म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये. पुष्कळ मॉनिटरांना स्पीकरच नसतो. मॉनिटरला हेडफोनची खाच असल्यास तेथे स्पीकर लावावा. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरलाही हेडफोन जोडता येतो. पडदा काळाच राहिला, तर हे यंत्र पूर्ण बंद करून त्याचे बटण सुमारे ७ सेकंद, दुसरा 'बीप' ऐकू येईपर्यंत, दाबून धरावे. मग कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून रिझोल्यूशन बदलावे.

येथवर तारांची गोष्ट झाली. खरा प्रश्न आहे तो मॉनिटर कोठे ठेवावा हा. तो मुलाच्या खोलीत गेला, कानांवर हेडफोन चढले आणि दार लागले, की भांडण मिटते खरे. पण मूलही घराच्या नजरेआड होते. म्हणून तो बैठकीच्याच एका कोपऱ्यात असावा, आणि आईवडिलांनी अधूनमधून दुसरा कंट्रोलर हाती घ्यावा. तसे केल्याने त्यांना आणखी एक गोष्ट उमगेल: इंटरनेटवर इतरांबरोबर चाललेला डाव सहसा मध्येच थांबविता येत नाही, आणि 'एवढा डाव' ही विनवणी पुष्कळदा खरी असते. तेव्हा प्रार्थनेच्या पंधरा मिनिटे आधी सूचना द्यावी. दटावून आणून बसविलेल्या मुलापेक्षा डाव संपवून आपण होऊन आलेले मूल अधिक मनापासून हात जोडते.