सुईने गाठ चिघळत नाही

‘स्तनातील गाठीला सुई लागली की ती चिघळते’ या भीतीने बायोप्सी लांबवू नये. सुईमुळे आजार बळावत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत डॉक्टर प्रथम जागा बधिर करतात. ती टोचणी जाणवते. मग सुई आत जाते आणि नमुना घेताना स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज होतो. दचकू नये म्हणून तो आधीच ऐकवावयास सांगावे. टाका बहुधा लागत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना अगोदर कळवावे. मनाने बंद करू नये. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातून एसटीने रत्नागिरीस परतताना पिशवी सोबतच्यानेच उचलावी. अहवालास काही दिवस लागतात. तो आणावयास आईलाही न्यावे. परस्पर वाचून तिच्यापासून लपवू नये.