पॉवर ब्रेक: जोर कोणाचा, पकड कोणाची?

मंडळी, आमच्याकडे 1968 सालची फियाट 1100 आहे. नियमाने आता ती विंटेज; आम्ही त्याहून जुने! उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि प्रश्न उभा राहिला: गाडी विकायची, की पॉवर ब्रेक बसवून घ्यायचे? सौभाग्यवतींनी तिसरा पर्याय सुचवला, गाडी चालवणेच सोडा. तो आम्ही तूर्त बाजूला ठेवला आणि बूस्टर विकत आणला.

आता जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेले, त्यामुळे आधी शब्दालाच धरले. 'पॉवर ब्रेक' म्हटले की वाटते, ब्रेकची ताकद वाढते. तसे नाही हो. वाढतो तो पायाचा जोर. बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा, मध्ये रबरी पडदा. डब्यातली हवा इंजिन ओढून घेत असते. पेडल दाबले की झडप उघडते, पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम तसाच राहतो. पडदा 20 सेंटिमीटर व्यासाचा धरा. क्षेत्रफळ झाले सुमारे 314 चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या दाबात दर चौरस सेंटिमीटरला 600 ग्रॅमचा फरक धरला, तरी 180 किलोंच्या वर जोर! तो ना आमचा, ना थेट इंजिनाचा. तो आपल्या डोक्यावरच्या हवेचा.

पण गाडी थांबवते कोण? टायर आणि रस्ता यांची पकड. चाक एकदा लॉक झाले की वरचा जोर वाया. त्यातून आमच्या गाडीला चारही ड्रम ब्रेक. ड्रममध्ये एक गंमत असते: फिरता ड्रम पुढचा शू स्वतःच ओढून घेतो, म्हणजे थोडी मदत मुळातच आहे. त्यावर बूस्टर चढवला तर जरा पाय लागताच चाके लॉक व्हायची भीती. डिस्कमध्ये ही ओढ नसते, म्हणून डिस्क आणि बूस्टर यांची जोडी जमते. आणि घाटात इंजिन बंद पडले तर? साठलेला व्हॅक्यूम एकदोनदा साथ देतो, मग पेडल दगडासारखे.

आमच्या मिस्त्रींनी बूस्टरला हात लावण्याआधी चारही ड्रम उघडले. पुढचे लायनर घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले, मागचा एक व्हील सिलिंडर गळून लायनर ब्रेक ऑइलने भिजलेले! ते बदलल्यावर पेडलला लागणारा जोर बराच कमी झाला. म्हणजे दोष गुडघ्याचा मानला होता, निघाला लायनरचा. कार्यकारणभाव शिकवणाऱ्याने ही चूक करावी!

खरी भीती मात्र वेगळीच होती. या गाडीचा मास्टर सिलिंडर एकेरी. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. तिथे आम्ही दुहेरी सिलिंडर बसवून घेतला. आता एक बाजू गेली तरी दुसरी उरते.

बूस्टरचा खोका माळ्यावर आहे. सौभाग्यवतींनी तिसरा पर्याय अजून मागे घेतलेला नाही.