नकाशा एकाचा, बांधकाम दुसऱ्याचं. मग जबाबदारी कोणाची?



लोहारा गटात ऊस बेणे प्रक्रिया केंद्र, त्याला लागून गट कार्यालय आणि खताचं गोदाम बांधावं, असा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. केंद्र हवं की नको यावर गावोगावच्या बैठकींत बोलणं झालेलं आहे, आणि हवं असंच बहुतेकांचं मत पडलं. ते सगळं पुन्हा सांगत बसत नाही. पण बैठकींत एका गोष्टीवर कोणी फारसं बोललं नाही, ती म्हणजे हे बांधायचं कोणाकडून आणि कोणत्या रीतीने. घर पहावे बांधून, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. पैसा सभासदांचा आहे. म्हणून या अंकात ऊस सोडून थोडं विटा-सिमेंटकडे वळत आहोत.

आपल्याकडची नेहमीची रीत अशी. आधी शहरातल्या एका वास्तुविशारदाकडून नकाशा करून घ्यायचा. मग अंदाजपत्रक, मग निविदेची जाहिरात. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम. नकाशा काढणारा वेगळा, बांधणारा वेगळा, आणि दोघांची गाठ पडते ती बहुधा काम अडल्यावर. दुसरी रीत अशी की आराखडा आणि बांधकाम दोन्ही एकाच चमूकडे द्यायचं. त्या चमूत वास्तुविशारद असतो, अभियंता असतो, गवंडी आणि सुतारही असतात. करार एक, आणि जाब विचारायला माणूसही एकच.

ही दुसरी रीत नवखी वाटेल, पण ऊसवाल्याला ती समजावून सांगायची गरज नाही. तोडणी आणि वाहतूक हे दोन धंदे वेगवेगळ्या माणसांच्या हाती असले की फडात काय होतं ते आपण जाणतो. टोळीने ऊस तोडून मोळ्या बांधल्या, ट्रक आला नाही. टोळीवाला म्हणतो, आमचं काम झालं. गाडीवाला म्हणतो, निरोपच उशिरा मिळाला. ऊस मात्र उन्हात वाळतो. तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला गेला पाहिजे. नंतर वजन घटतं, साखरही घटते, आणि घट कोणाच्या खात्यावर टाकायची ते ठरत नाही. ती पडते शेतकऱ्याच्या खात्यावर. म्हणूनच तोडणी-वाहतुकीचा करार एकाच मुकादमाशी करण्याची पद्धत कारखान्यांनी धरली. मुकादमाचे दुसरे ताप आहेत, ते आम्ही नाकारत नाही! पण ऊस कोणामुळे वाळला, हा वाद निदान मिटला.

बांधकामात हीच गोष्ट काळ्या मातीत दिसते. आपल्या भागातली जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पऱ्हाटीला ती माती मानवते, पण भिंतीला नाही. परिसरातल्या एका संस्थेच्या गोदामाचं उदाहरण आम्ही स्वतः पाहिलं आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण दोष संस्थेचा नव्हता. नकाशा शहरात बसून झाला. पायाची खोली पुस्तकातली, मातीची तपासणी नाही. ठेकेदाराने नकाशाबरहुकूम खोदलं आणि बांधलं. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला तिरपी भेग गेली, दार घासायला लागलं, आणि कोपऱ्यातली युरियाची थप्पी ओलीने दगड झाली. वास्तुविशारद म्हणाले, भराव नीट दाबला नाही. ठेकेदार म्हणाला, मी नकाशापेक्षा एक इंचही कमी खोदलं नाही. दोघेही कागद दाखवत होते, आणि दोघांचेही कागद खरे होते. एका म्हाताऱ्या सभासदाने तेव्हा विचारलं, “सायेब, नकाशा याचा अन् भिंत त्याची, तं मंग भेग कोनाची?” त्याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. दुरुस्ती संस्थेने आपल्या पैशातून केली.

वास्तविक अशा मातीसाठी उपाय केव्हाच निघालेला आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा ठेवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया विकसित केला. साधारण साडेतीन मीटर खोल गेलं की ऋतूप्रमाणे ओल कमी-जास्त होण्याचा त्रास उरत नाही, या हिशेबावर तो उभा आहे. जिथे मुरूम वर लागतो तिथे हा खर्च करण्याचं कारण नाही. जिथे काळी खोल आहे तिथे तो टाळला तर पुढे दुप्पट जातो. पण कुठे काय करायचं हे जागेवर खड्डा घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. एकच चमू असेल तर खड्डा घेणारा आणि नकाशा काढणारा एकाच ठिकाणी बसतात. पहिल्या फावड्याला मुरूम लागला तर संध्याकाळी पाया बदलतो. वेगवेगळे असतील तर एका बदलासाठी पत्र, मंजुरी, जादा बाबीचा दर, पुन्हा मंजुरी. इतकं होईपर्यंत मजूर दुसऱ्या कामावर निघून जातात.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. समजा सप्टेंबरच्या सभेत मंजुरी मिळाली. जुन्या रीतीने नकाशा पक्का होऊन, निविदा निघून, त्या उघडून, तुलनात्मक तक्ता संचालक मंडळापुढे जाऊन कामाचा आदेश निघेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाया, आणि भिंती वर येताना मृग. पावसात काम रेंगाळलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण हातची गेली. एका चमूच्या रीतीत पायाचा आराखडा आधी पक्का करून दिवाळीनंतर लगेच खोदाई करता येते, आणि छपराचं रेखाटन तोवर चालू राहतं. केंद्राला एक हंगाम उशीर म्हणजे काय, हे बेणेमळेवाल्यांना ठाऊक आहे. गवताळ वाढ आणि काणी आवरायची तर बेणं प्रक्रियेतून गेलं पाहिजे. संशोधन केंद्राकडून आणलेलं मूलभूत बेणं एकदाच प्रक्रिया करून लावायचं, पुढच्या वर्षी त्याचं पायाभूत, त्याच्या पुढच्या वर्षी प्रमाणित. पहिली पायरी वर्षभर चुकली तर मागच्या दोन्ही पायऱ्या वर्षभर सरकतात.

शिवाय हे केंद्र म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. उष्ण बाष्पयुक्त हवेच्या प्रक्रियेत ५४ अंश सेल्सिअस तापमान सगळ्या कांड्यांना सारखं मिळावं लागतं. त्यासाठी वाफेची सोय, पाण्याची टाकी, निचऱ्याची नाली, पुरेशा भाराची वीजजोडणी, आणि बेण्याच्या गाड्या सरळ आत ढकलता येतील अशी एका पातळीची फरशी, एवढं लागतं. दार चार इंच अरुंद झालं तर यंत्र आत जाणार नाही. साखर कारखाना उभारणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत आहे. गिरणीच्या पायातले बोल्टचे खळगे यंत्राच्या रेखाटनाप्रमाणेच सोडावे लागतात. बांधणाऱ्याने ते रेखाटन न पाहता काँक्रीट ओतलं, तर पुढे छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागतं.

जुन्या काळी नकाशावाला आणि बांधणारा असा भेद फारसा नव्हताच. लोहाऱ्याच्या कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. त्या शैलीत दगडावर दगड चुन्याशिवाय, खाचा जुळवून बसवतात. खाच कुठे पडणार हे ठरवणारा आणि ती पाडणारा यांनी एकमेकांना पत्रं लिहून ते काम झालं नसतं.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्राम घ्या. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडलं. राहण्याची जागा तयार करण्याचं काम मीराबेननी अंगावर घेतलं होतं. गांधीजींच्या अटी स्पष्ट होत्या. सामान जवळपासचं, कारागीर गावचे, आणि खर्चाला आधीच मर्यादा. मीराबेननी आखणी केली आणि त्याच कामावर उभ्या राहिल्या. आज जिला आपण बापू कुटी म्हणतो ती मुळात त्यांनी स्वतःसाठी बांधून घेतलेली कुटी. माती, बांबू आणि गावठी कवेलू यांची. भिंतीवरची ताडाची झाडं आणि चरखाही त्यांच्याच हातचा. आम्हाला यातली अटींची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. काय हवं आणि किती खर्चात हवं, हे मालकाने आधी सांगितलं होतं. कसं करायचं, ते करणाऱ्यावर सोडलं होतं.

मोठ्या कामांतही ही पद्धत आता रुळली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचं काम १६ भागांत वाटून दिलं गेलं, आणि प्रत्येक भागात अभियांत्रिकी, सामान आणि बांधकाम एकाच ठेकेदाराकडे होतं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन पुरा झाला. त्याहून जवळचं उदाहरण वर्धा-यवतमाळ रस्त्याचं, कळंब-देवळीवरून जाणारा. राष्ट्रीय महामार्ग ३६१ च्या चौपदरीकरणात बांधकामाच्या काळात सरकारने ४० टक्के रक्कम द्यायची आणि उरलेली १५ वर्षांत हप्त्यांनी, अशी व्यवस्था आहे. आराखडा त्याचा, बांधकाम त्याचं, आणि त्या १५ वर्षांची देखभालही त्याचीच. असा माणूस नालीच्या कामात हात आखडता घेत नाही, कारण खचलेला रस्ता त्यालाच दुरुस्त करायचा असतो.

अमेरिकेत मिनियापोलिस शहरातला मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी वाहनांसकट कोसळला, त्यात १३ माणसं गेली. सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या मूळ आराखड्यातच पातळ धरल्या होत्या, असं चौकशीत निघालं. नवा पूल आराखड्यासकट एकाच चमूकडे दिला आणि १८ सप्टेंबर २००८ रोजी त्यावरून वाहतूक सुरू झाली. जेमतेम साडेतेरा महिने. निवड करताना दर पाहिला, तसा दर्जाही पाहिला होता.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, चला, मग द्या एकाला सगळं आणि व्हा मोकळे. तसं करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या रीतीत वास्तुविशारद हा मालकाच्या बाजूचा राखणदार असतो. ठेकेदाराची सळई बारीक निघाली तर तो बिल अडवतो. एका चमूत राखणदार आणि ठेकेदार एकाच घरचे झाले, मग कुंपणाने शेत खाल्लं तर सांगायचं कोणाला? म्हणून त्या चमूशी संबंध नसलेला एक अभियंता कारखान्याने वेगळा नेमावा. पायाची खोली, सळई आणि काँक्रीटचे ठोकळे त्याने तपासल्याशिवाय कोणताही हप्ता देऊ नये. त्याच्या मेहनतान्याचा खर्च होईल, तो वायफळ समजू नये.

दुसरी फसगत आणखी साधी आहे. काही ठेकेदार नकाशावर कोणा वास्तुविशारदाची सही तेवढी विकत आणतात आणि आपण एकच चमू आहोत म्हणून सांगतात. हा चमू नव्हे, हा रबरी शिक्का. आराखडा करणारा अभियंता जागेवर कधी येणार, किती वेळा येणार, हे करारात लिहून घ्यावं, आणि त्या चमूने पूर्वी बांधलेली इमारत निदान दोन पावसाळे झाल्यावर जाऊन बघावी.

स्पर्धा सोडावी लागते असंही नाही. गरजांची यादी कारखान्याने लेखी करून तीच सर्व चमूंना द्यायची. आराखडा आणि एकूण रक्कम दोन्ही बंद पाकिटांतून मागवायच्या, आणि आराखड्याला आधी गुण देऊन मग रकमेचं पाकीट उघडायचं. उपविधी आणि सहकार खात्याचे नियम यांत बसेल असा मसुदा तयार करणं हे कार्यालयाचं काम आहे. मात्र रक्कम ठरल्यावर “एक खोली वाढवून टाका” असं कोणी म्हणायचं नाही, संचालकांनी नाही आणि आम्हीही नाही. एकरकमी करारात मालकाचा प्रत्येक बदल महाग पडतो. आणि कुंपणाची भिंत किंवा हौद एवढंच काम असेल तर या खटाटोपाची गरज नाही, गावचा गवंडी पुरे.

म्हणजे सगळा भार त्या गरजांच्या यादीवर आला. ती आम्ही कार्यालयात बसून करणार नाही. दिवसाला किती एकरांचं बेणं लागेल, ट्रॅक्टर-ट्रॉली कुठून आत येऊन कुठे वळेल, खताच्या किती पोत्यांची जागा हवी, पावसाळ्यात त्या जागेवर पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, हे लोहारा आणि भोवतालच्या गावांतल्या सभासदांना जास्त ठाऊक. विशेषतः त्या जागेच्या शेजारी ज्यांची विहीर आहे त्यांनी खोदताना काळी माती किती हातांवर संपली आणि मुरूम कुठे लागला ते अवश्य सांगावं. हा मजकूर लेखी किंवा तोंडी, सभेच्या आठ दिवस आधी लोहारा गटाच्या शेतकी मदतनिसांकडे द्यावा.

– ऊस विकास अधिकारी