दिग्दर्शिका न्गोझी ओन्वुरा

चित्रपटाच्या धंद्यात स्त्री म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नटीच उभी राहते. कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे ते स्त्रीने आणि तिने कसे दिसावे हे ठरवायचे ते कॅमेऱ्यामागच्या पुरुषाने, अशी वाटणी या धंद्यात फार काळ चालत आली. नायजेरियात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या न्गोझी ओन्वुरा यांनी ही वाटणी मोडली, ती मात्र जरा निराळ्याच रीतीने. त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि तो प्रथम रोखला तो स्वतःच्याच घरावर.

न्गोझी या शब्दाचा इग्बो भाषेतील अर्थ आशीर्वाद. हे नाव मिळालेल्या मुलीचे बालपण मात्र आशीर्वादाचे ठरले नाही. जन्म १९६६ सालचा. वडील इग्बो, आई मॅज ही गोरी. पुढच्याच वर्षी, १९६७ च्या जुलैत, बियाफ्राचे युद्ध पेटले. ते १९७० च्या जानेवारीपर्यंत चालले आणि त्यात गोळीपेक्षा उपासमारीनेच अधिक माणसे मेली. वडील बियाफ्राच्या सैन्यात मागे राहिले आणि आई मुलांना घेऊन उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या परिसरात आली. युद्धातून मुले सुटली खरी, पण आगीतून निघून फुफाट्यात पडावे तसे झाले. त्या वस्तीत अशा रंगाची मुले जवळजवळ नव्हतीच. या भावंडांपैकी ची ओन्वुरा या पुढे २०१० साली त्याच न्यूकॅसलमधून पार्लमेंटवर निवडून आल्या, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु मधली चाळीस वर्षे सोपी नव्हती.

न्गोझी यांचे शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत आणि नंतर नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये झाले. बाविशीच्या सुमारास, १९८८ साली, त्यांनी 'कॉफी कलर्ड चिल्ड्रेन' हा पंधराएक मिनिटांचा लघुपट केला. एक गोरा तरुण या कुटुंबाच्या दारावर विष्ठा फासतो, असा त्याचा आरंभ. पण खरे भयंकर दृश्य ते नव्हेच. घरातली ती लहान भावंडे भांडी घासण्याची पूड घेतात आणि आपले अंग घासू लागतात. कातडीचा रंग निघून जाईल, ही त्यांची आशा! द्वेष करणारा परका असतो तोवर दार लावून घेता येते. मूल स्वतःच स्वतःचा द्वेष करू लागले म्हणजे कोणते दार लावावे? दिग्दर्शिकेने येथे भाष्य फारसे केलेले नाही, ती पूड तेवढी दाखविली आहे.

या बाईंच्या साऱ्या कामात श्रेष्ठ कोणते, असे विचारल्यास 'द बॉडी ब्यूटिफुल' या १९९१ च्या तेवीस मिनिटांच्या लघुपटाकडेच बोट दाखवावे लागेल. त्यात मॅज ओन्वुरा यांनी स्वतःचीच भूमिका केली आहे. कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढून टाकावा लागला होता आणि संधिवाताने शरीर जर्जर झाले होते. मुलगी त्याच काळात मॉडेलचे काम करणारी. तिचा देह म्हणजे लोकांनी पाहावा म्हणून सजविलेला, आणि आईचा देह लोकांनी पाहू नये म्हणून झाकलेला. मुलीचे काम दुसऱ्या तरुणीला दिलेले आहे. आईच्या जागी मात्र आईच आहे. स्नानगृहात तिच्या अंगावरचा टॉवेल सरतो, व्रण उघडा पडतो आणि भोवतालच्या बायका टक लावून पाहतात. पण दिग्दर्शिका तेवढ्यावर थांबत नाही. या प्रौढ, व्रणांकित स्त्रीच्या मनात अजून कामेच्छा आहे, कोणीतरी आपल्याला कवेत घ्यावे असे तिलाही वाटते, हेही ती दाखविते. आईच्या दुखण्यावर चित्रपट काढणारे पुष्कळ सापडतील. आईच्या इच्छेवर काढण्यास मुलीजवळ वेगळे धैर्य लागते, आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहणाऱ्या आईजवळ तर त्याहून अधिक.

१९९३ साली त्या नायजर नदीच्या मुखप्रदेशात गेल्या आणि 'मंडेज गर्ल्स' हा अनुबोधपट त्यांनी केला. वयात आलेल्या मुलींना काही आठवडे कोंडून, खाऊपिऊ घालून पुष्ट करावयाचे आणि मग उघड्या वक्षाने जमातीपुढे आणावयाचे, असा तेथील इरिया नावाचा संस्कार. एक मुलगी तो अभिमानाने करून घेते. शहरात राहून आलेली दुसरी त्याला नकार देते. त्या दोघींत शहाणी कोण, हे दिग्दर्शिका सांगत नाही.

१९९५ साली 'वेलकम टू द टेररडोम' झळकला. एकट्या कृष्णवर्णी स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि थिएटरांत प्रदर्शित झालेला ब्रिटनमधला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. १८०३ साली अमेरिकेच्या जॉर्जिया किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या इग्बो माणसांनी दास्यापेक्षा पाण्यात चालत जाणे पत्करले, अशी कथा आहे; तिच्या छायेतून आरंभ होऊन चित्रपट भविष्यकाळातील एका भयाण वस्तीत जातो. निर्मिती भाऊ सायमन यांची, पैसा तुटपुंजा. चित्रपट कर्कश आहे आणि पुष्कळ ठिकाणी विस्कळितही आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही ब्रिटिश समीक्षक त्यावर ज्या आवेशाने तुटून पडले, त्यात केवळ रसिकता होती असे म्हणवत नाही. अमा असांटे यांचा 'अ वे ऑफ लाइफ' येण्यास पुढे २००४ साल उजाडावे लागले. पहिलीने वाट पाडली, पण त्या वाटेवर माणसे यायला नऊ वर्षे लागली.

ओन्वुराबाईंची त्यानंतरची सर्वांत गाजलेली कृती थिएटरातली नव्हे, बी.बी.सी. दूरचित्रवाणीवरची. २००६ चा 'शूट द मेसेंजर' शॅरन फॉस्टर यांनी लिहिला होता आणि त्यात डेव्हिड ओयेलोवो यांनी प्रमुख भूमिका केली. कृष्णवर्णी मुलांचे भले करावे म्हणून शिक्षक झालेल्या एका कृष्णवर्णी तरुणावर विद्यार्थ्याला मारल्याचा आळ येतो, नोकरी जाते, आणि आपलेच लोक त्याला फितूर ठरवितात. तेव्हा तोही त्या साऱ्यांचा तिरस्कार करू लागतो. अकरा वर्षांपूर्वी गोऱ्यांवर एकांगी हल्ला केल्याचा ठपका ज्यांच्यावर आला होता, त्याच बाईंवर या वेळी कृष्णवर्णी समाजातील अनेकजण संतापले. कॉफीच्या रंगाच्या त्या मुलांनी हातात घेतलेली पूड या शिक्षकाच्या घरातही होती, हे मात्र त्या संतापात थोड्यांच्याच ध्यानी आले.