औषधालयासाठी बारकोड स्कॅनर : निवड करण्यापूर्वी

शार्ङ्गधर संहितेत चूर्णाची सवीर्यता २ महिने सांगितली आहे, गुटी व अवलेह यांची १ वर्ष; आसव, धातू व रसकल्प मात्र जितके जुने तितके गुणवान मानले आहेत. आजच्या औषध नियमांतील १६१-ब हा नियम चूर्णास २ वर्षांची व आसव-अरिष्टांस १० वर्षांची मुदत देतो. या दोन कालगणनांतील अंतर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु फळीवरील प्रत्येक बरणीचे वय विकणाऱ्यास ठाऊक असावे, हे दोन्हींत गृहीत आहे. आयुर्वेदिक औषधांच्या केवळ विक्रीसाठी ॲलोपॅथिक औषधांप्रमाणे परवाना लागत नाही. त्यामुळे ही दक्षता बव्हंशी आपल्याच शिस्तीवर अवलंबून राहते.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक औषधालयांत आता संगणकावर बिले होतात आणि त्यापाठोपाठ हाती धरावयाच्या बारकोड स्कॅनरची चौकशी सुरू होते. ‘स्कॅनर आला की मुदतबाह्य माल आपोआप कळेल’ अशी अपेक्षा या चौकशीत बहुधा असते. ती यथास्थित समजून न घेता केलेली खरेदी व्यर्थ जाण्याचा संभव आहे, म्हणून हा प्रपंच.

बारकोडचा जन्म किराणा दुकानाच्या सोयीसाठी झाला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय या गावच्या एका दुकानात च्युइंगमचे पाकीट प्रथम अशा रीतीने वाचले गेले. च्युइंगमचे वय कोणी विचारीत नाही. गिऱ्हाईक लवकर मोकळे व्हावे एवढाच हेतू होता. आपल्याकडील च्यवनप्राशाच्या डब्यावर जो उभ्या रेघांचा १३ अंकी संकेत असतो, तो त्याच घराण्यातला. त्यातील आरंभीचे ८९० हे आकडे कंपनीची नोंदणी भारतातील जीएस१ संस्थेकडे असल्याचे दर्शवितात (माल भारतात बनला, असा त्याचा अर्थ नव्हे). पुढे उत्पादक व उत्पादन यांचा क्रमांक आणि शेवटी तपासणीचा एक अंक. बस्स, इतकेच. बॅच क्रमांक नाही, मुदत नाही, किंमतही नाही. गतवर्षीचा डबा आणि कालचा डबा स्कॅनरच्या दृष्टीने एकच.

किंमत संगणकातील यादीतून येते, हे २२ सप्टेंबर २०२५ रोजी स्पष्ट झाले. त्या दिवसापासून आयुर्वेदिक पेटंट औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. डब्यावरील रेघांत तिळमात्र बदल झाला नाही. ज्यांनी संगणकातील यादी सुधारली नाही, त्यांच्या स्कॅनरने बिनचूक वाचून जुनाच कर लावला असता.

मग वय कळावे कसे? त्यासाठी बॅच व मुदत सामावून घेणारा संकेत हवा, आणि तो चौकोनी ठिपक्यांच्या क्यूआर किंवा डेटामॅट्रिक्स प्रकारात सहज मावतो. नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने ३०० ॲलोपॅथिक ब्रँडांवर बारकोड वा क्यूआर कोड बंधनकारक केला. १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या त्या मालावर बॅच, उत्पादनाचा दिनांक व मुदत या संकेतात असावी लागते. आयुर्वेदिक औषधे त्या यादीत नाहीत. शिवाय जे वैद्य केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषधे सिद्ध करतात, त्यांना निर्मितीच्या परवान्याची अट नाही, आणि त्यांच्या पुड्यांवर कोणा कंपनीचा बारकोड असण्याचा प्रश्नच नाही. तात्पर्य, माल दुकानात येताच किंवा सिद्ध होताच आपणच बॅच व मुदतीसह लेबल छापून चिकटवावे लागेल. हे काम कष्टाचे आहे, पण स्कॅनरचा खरा उपयोग तेथूनच सुरू होतो. साध्या रेघांचा अंतर्गत संकेत वापरावयाचा असल्यास २० ते २९ या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक दुकानांतर्गत वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. कंपन्यांच्या क्रमांकांशी त्यांची गल्लत होत नाही.

यावरून यंत्राची निवड बरीचशी ठरते. लेसर स्कॅनर प्रकाशाची एक रेघ फिरवून केवळ उभ्या रेघा वाचतो. चौकोनी संकेत त्याला वाचता येत नाही, मोबाईलच्या पडद्यावरील संकेतही सहसा नाही. सीसीडी प्रकार स्वस्त व टिकाऊ, पण जवळ धरावा लागतो आणि त्याची मर्यादाही रेघांचीच. तिसरा, द्विमितीय किंवा ‘टू-डी’ म्हणून विकला जाणारा स्कॅनर हा वस्तुतः छोटा कॅमेरा होय. तो संकेताचे छायाचित्र घेऊन उकल करतो. रेघा, क्यूआर, रुग्णाच्या आभा कार्डावरील चौकोन, सारे वाचतो. आमच्या मते आज नवा स्कॅनर घेणाऱ्याने हाच घ्यावा. केवळ रेघांचा स्कॅनर थोडा स्वस्त मिळतो, पण ती बचत लेबले छापावयास लागताच संपते.

यंत्राचे पत्रक वाचताना आपल्या दुकानाची स्थिती डोळ्यांसमोर ठेवावी. चूर्णाची धूळ, तेलाचे हात, उन्हाळ्यातील काहिली हे आपले नित्याचे सोबती. पत्रकावर आयपी५४ असे चिन्ह असल्यास धूळ व शिंतोडे यांपासून बऱ्यापैकी संरक्षण आहे असे समजावे. त्याहून मोठी अडचण लेबलांची. साध्या थर्मल कागदावरील अक्षरे उष्णतेने व तेलाने उडतात. तेल व घृत यांच्या बाटल्यांवर असे लेबल काही दिवसांत कोरे दिसू लागते. तेथे रिबनवर छापणारा प्रिंटर हवा. लहान गोल बाटलीवर रेघा आडव्या पसरल्या तर कडेच्या रेघा वळणाआड जातात. संकेत शिडीच्या पायऱ्यांसारखा, बाटलीच्या उंचीच्या दिशेने चिकटवावा. आणखी एक गोष्ट. बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्यामुळे पांढऱ्यावर लाल रंगात छापलेल्या रेघा त्याला दिसतच नाहीत. लेबल सुंदर करण्याचा मोह झाल्यास तो अन्य ठिकाणी भागवावा.

दुकानाच्या गल्ल्यावर तारेचा, यूएसबीचा स्कॅनर पुरेसा आहे; त्याला चार्जिंगची चिंता नाही. मात्र बारामतीस मुख्य दुकान व इंदापूर किंवा भिगवण येथे शाखा असलेल्यांनी, तसेच गोदामातील मोजणी फळीपाशी उभे राहून करणाऱ्यांनी, स्वतःची स्मृती असलेला बिनतारी स्कॅनर पाहावा. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते. त्या दिवसांत सेवेच्या मांडवांत तेल, लेप व चूर्णे मुक्तहस्ताने दिली जातात आणि दिलेल्या मालाची नोंद बहुधा राहून जाते. स्मृतीचा स्कॅनर मांडवात संगणकाविना संकेत साठवतो व दुकानी परतल्यावर संगणकात उतरवतो. कोणत्या बॅचचे तेल कोणत्या मुक्कामी वाटले गेले, हे पुढे तक्रार आल्यास त्यावरून कळू शकते.

खरेदीपूर्वी परीक्षा जरूर घ्यावी. आपल्याच फळीवरील दहा-बारा वस्तू, त्यांत गोल बाटली, चकाकणारी पुडी व जुने चुरगळलेले लेबल असावे, विक्रेत्याकडे घेऊन जावे. स्कॅनर संगणकास कळफलकासारखाच भासतो. कोरे नोटपॅड उघडून वाचले की अंक जणू टंकित होऊन उमटतात. येथे आपल्याकडील एक खास अडचण संभवते. मराठी टंकनासाठी संगणक इन्स्क्रिप्ट कळफलकावर ठेवलेला असेल, तर संकेतातील रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चिन्हे उमटतात व बिलाच्या प्रणालीस औषध ओळखता येत नाही. स्कॅनर बिघडल्याची तक्रार करण्यापूर्वी कळफलक इंग्रजीवर आणून पाहावे. बॅच व मुदत स्वतंत्र रकान्यांत घेण्याची आणि आधी मुदत संपणारा माल आधी पुढे करण्याची सोय आपल्या बिलाच्या प्रणालीत आहे की नाही, हेही पैसे देण्यापूर्वी विचारावे. ती नसेल तर प्रथम प्रणाली बदलावी, स्कॅनर नंतर घ्यावा.